ऑफशोअर विंडच्या बोटीवर जॉब पाहिजे? एजंटला पैसे देण्याआधी हे वाचा

गेल्या आठवड्यात आमच्या कोळीवाड्यातला एक पोरगा ऑफर लेटर घेऊन घरी आला. इंग्लंडच्या समुद्रातल्या विंड फार्मवर (पवनचक्क्यांचा प्रकल्प) माणसांची ने-आण करणाऱ्या क्रू ट्रान्सफर बोटीवर डेकहँड म्हणजे डेकवरचा खलाशी, पगार झकास, एजंटला फक्त दीड लाख द्यायचे. म्हटलं बस आधी, चहा घे. मी स्वतः पूर्वी असाच ऐंशी हजाराला बुडालोय म्हणून एवढं टाइप करतोय.

पहिलं हे बघा की तुम्ही बोटीचे खलाशी म्हणून जाताय की टर्बाइनवर चढणारे टेक्निशियन म्हणून, कारण कागद वेगळे आणि कायदाही वेगळा. टेक्निशियनला बहुतेक कंपन्या जीडब्ल्यूओचं (ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन, विंड कंपन्यांची संस्था) बेसिक ट्रेनिंग मागतात, त्यात उंचीवरचं काम, समुद्रात जीव वाचवणं वगैरे येतं आणि ते दोन वर्षांत रिन्यू करावं लागतं. ते सरकारी नाही.

खलाशाला मात्र सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक, पाहिजेच. दहावी पास, पासपोर्ट, मग डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारचं जहाज खातं) साइटवरून इंडॉस नंबर, म्हणजे खलाशाचा नोंदणी नंबर, आणि तो नंबर हातात आल्यावर मान्यताप्राप्त इन्स्टिट्यूटमध्ये बेसिक एसटीसीडब्ल्यू कोर्सेस, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे खलाशांचं ट्रेनिंग (प्रथमोपचार, आग विझवणं, पाण्यात जीव वाचवणं, सेफ्टी आणि सिक्युरिटी). डीजीच्या यादीतल्याच डॉक्टरकडून मेडिकल, गल्लीतल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. अर्ज ऑनलाइनच, सीडीसी 10 वर्षं चालते. सगळ्यात जास्त घोळ नावात होतो, आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी, पासपोर्टवर उलटंच, कुणाचं स्पेलिंग वेगळं, आणि अर्ज तिथेच अडकतो. म्हणून इंडॉस काढायच्या आधीच पासपोर्ट आणि मार्कशीट शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा, नंतर दुरुस्तीला जाम फेऱ्या होतात.

आता एजंट. खलाशी भरणाऱ्या एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं सरकारी लायसन्स लागतं, 2016 चे नियम आहेत, आणि लायसन्सवाल्यांची यादी डीजी शिपिंगच्या साइटवर कुणालाही बघता येते. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या कागदावर विश्वास ठेवू नका, नंबर घ्या, यादीत शोधा, व्हॅलिड आहे का बघा, आणि ऑफर लेटरवरचं कंपनीचं नाव तेच आहे ना तेही बघा. एमएलसी 2006 हा आंतरराष्ट्रीय करार भारताने 2015 मध्ये मान्य केलाय, त्यात स्पष्ट आहे की नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत. पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकलचा खर्च तेवढा आपला, व्हिसाचा जहाजमालकाचा. म्हणजे 'सर्व्हिस चार्ज' दीड लाख हा आकडा ऐकला की तिथूनच उठायचं. टेक्निशियन म्हणून परदेशी जाणाऱ्याचा एजंट ई-मायग्रेटवर (परदेशी नोकरीसाठीचं सरकारी पोर्टल) नोंदलेला हवा आणि त्यालाही 30 हजार अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही.

इंग्लंडचं एक वेगळंच आहे. तिकडे विंड फार्मवाल्यांना वर्क व्हिसातून सूट होती, ती 30 एप्रिल 2023 ला संपली. आता किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत काम असेल तर रीतसर वर्क व्हिसा लागतो, 'ट्रान्झिट व्हिसावर जा, बोटीवर चढलास की कोण विचारतंय' असं सांगणारा तुम्हाला बेकायदा कामगार करून सोडतोय. विंड फार्म किनाऱ्यापासून किती लांब आहे हे लेखी विचारा. (आपल्याकडे गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात 1 गिगावॅटच्या विंड फार्मना 2024 मध्ये केंद्राने मंजुरी दिली, पण आज तरी जॉब बाहेरच.)

बोटीवर चढण्याआधी नोकरीच्या करारावर तुमची आणि मालकाची किंवा त्याच्या प्रतिनिधीची सही असलेली मूळ प्रत तुमच्याकडे पाहिजे, तिचा फोटो घरी कुणाकडे तरी ठेवा. पगार महिन्याला मिळायला हवा, दोन महिन्यांचा थकला तर ते खलाशाला वाऱ्यावर सोडणं धरतात. विश्रांती 24 तासांत किमान 10 आणि आठवड्यात 77 तास, आणि रेस्ट अवर्सच्या शीटवर खोटे आकडे लिहून सही मागितली तर करू नका, कारण नंतर तोच कागद तुमच्याविरुद्ध दाखवतात. तक्रार आधी बोटीवरच, थेट कॅप्टनकडेही करता येते, तिथे नाही झालं तर बंदरात पोर्ट स्टेटच्या (ते बंदर ज्या देशाचं त्याच्या सरकारच्या) इन्स्पेक्टरला सांगा, तक्रार केली म्हणून त्रास द्यायला एमएलसी करारातच मनाई आहे. लायसन्सवाल्या एजंटची तक्रार डीजी शिपिंगकडे, ऑफिस कांजूरमार्ग पूर्वेला. बिनलायसन्सवाला असेल तर सरळ पोलीस स्टेशन, पैसे दिल्याचे यूपीआय स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲप चॅट घेऊन जा. मी कॅश दिली होती, त्यामुळे माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.