संगीतमय परीकथा-ॲनिमेशनपट

परीकथेचा सांगाडा, गाण्यांतून पुढे सरकणारे कथानक आणि चित्रांतून हलती-बोलती केलेली पात्रे यांचा मेळ असलेला, साधारण ८० ते १०५ मिनिटांचा कौटुंबिक चित्रपट. मुंबईतल्या घरांत त्याला सरसकट ‘कार्टूनचा पिक्चर’ म्हणतात आणि तो पोरांसाठी असतो हा समजही त्या नावातूनच आला आहे. प्रत्यक्षात आजी, आईबाबा आणि नातवंडे यांनी एकाच रांगेत बसून बघावा असाच तो बेतलेला असतो. ही बेतणी चित्रांपेक्षा गाण्यांत अधिक असते.

या प्रकाराची घडी ग्रिम बंधूंच्या कथेवरील ८३ मिनिटांच्या ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ने (१९३७) बसवली. १९८९ पासून गीतकार हॉवर्ड ॲशमन व संगीतकार ॲलन मेन्केन यांनी तिच्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या संगीतनाटकाची शिस्त आणली. त्यांचा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (१९९१) हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला पहिला ॲनिमेशनपट होय.

मराठी संगीत नाटकाशी तुलना केली की गाण्याचे काम लगेच लक्षात येते. तिथे पद रंगले की ‘वन्स मोअर’ येतो आणि कथा खुशाल थांबते. इथे ती चैन नाही. गाणे संपताना पात्र सुरुवातीपेक्षा वेगळ्या जागी असावे लागते: त्याने काही ठरवलेले असते, काही गमावलेले असते किंवा नुकतेच कोणाला तरी फसवलेले असते. गाणे वगळूनही गोष्ट समजत असेल तर ते भरताड. अशाच गाण्यात मुले ‘शू लागली’ म्हणतात, हे कुठल्याही समीक्षेपेक्षा खात्रीचे माप आहे.

पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत ‘मला हवंय’ गाणे यावे लागते. राजकन्येला किल्ल्याबाहेर जायचे आहे, जलपरीला पाय हवे आहेत, असे काहीतरी. ते उशिरा आले तर पुढच्या धडपडीचे कारणच मुलाला कळत नाही. मग दुष्टाचे गाणे, सोबत्याचे विनोदी गाणे आणि शेवटाकडे पहिल्याच चालीची छोटी आवृत्ती, बदललेल्या शब्दांसह. या शेवटच्या युक्तीत घरातल्या प्रत्येकाला काही ना काही मिळते. चार वर्षांच्या मुलाला चाल ओळखीची लागते आणि आपल्याला सगळे कळतेय असे वाटते. मोठ्यांना बदललेले शब्द टोचतात. चिऊताई तीच ती कारणे सांगून कावळ्याला दाराबाहेर थांबवते तेव्हा पुढचे वाक्य ठाऊक असण्यातच मजा असते, ती हीच. आजीलाही ‘आटपाट नगर’ नव्या पोशाखात भेटते. सावत्र आई, राक्षस, शाप तिला समजावून सांगावे लागत नाहीत.

निर्मितीत गाणे आधी ध्वनिमुद्रित होते आणि चित्रे त्यावर बेततात. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) या हिशेबाने मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत प्रत्येक ठोका १२ चौकटींवर पडतो, ९६ च्या लयीत १५ वर. तीन मिनिटांच्या गाण्याला ४,३२० चौकटी लागतात; हाताने रेखाटताना एकेक चित्र दोन चौकटी धरून ठेवले तरी एका पात्राची २,१६० रेखाटने होतातच. म्हणून चाल नक्की न करता चित्रे सुरू करणे महागात पडते: लय थोडी जरी बदलली तरी पावलांचे ठोके चुकतात आणि नाच पाण्यात चालल्यासारखा दिसतो. ओठ आवाजाच्या एक-दोन चौकटी आधी हलवले तर डोळ्याला पटते, उशिरा हलले तर लगेच खटकते.

मुंबईत हा चित्रपट बहुधा इंग्रजीत किंवा अंधेरी-ओशिवरा परिसरातल्या स्टुडिओंत डब झालेल्या हिंदीत पोहोचतो आणि आकर्षण टिकते की विरते ते या टप्प्यावर ठरते. वाद्ये व इतर ध्वनींचा पट्टा मूळचाच राहतो, फक्त आवाज बदलतात. गीतकाराला अर्थ, यमक आणि अक्षरसंख्या सांभाळावी लागतेच, शिवाय पडद्यावर ओठ मिटतात तिथे प, फ, ब, भ, म यांपैकी काही आणावे लागते. लांबवलेल्या सुराची अडचण याहून मोठी. पात्राचे तोंड ‘ओ’च्या आकारात उघडे असताना ओळ ‘है’वर संपली तर सगळे फसते, आणि हिंदीतही मराठीसारखेच क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे हे वारंवार घडते. उपाय म्हणजे शब्दक्रम उलटवून शेवटी संबोधन किंवा नाम ठेवणे. कवितेत ते खपते. बोलणारा आणि गाणारा आवाज वेगवेगळे असतील तर गाणे सुरू होताना सांधा ऐकू येतो. ‘फ्रोझन २’च्या (२०१९) हिंदी आवृत्तीत एल्सा व ॲना या नायिका बहिणींना प्रियांका व परिणीती चोप्रा या चुलतबहिणींचे आवाज होते. अशी निवड पोस्टरवर आईबाबांसाठी असते; आवाज कोणाचा याच्याशी मुलाला देणेघेणे नसते.

मराठीत चित्रपटगृहासाठी डबिंग क्वचितच होते, त्यामुळे मराठी माध्यमातली मुले हिंदीवर भागवतात. ही उणीव खटकते, कारण प्रेक्षक इथे कधीचा तयार आहे. सुधा करमरकर यांच्या लिटल थिएटरने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ हे बालनाट्य रंगभूमीवर आणले. तेव्हापासून मे महिन्याच्या सुटीत राक्षस-चेटकिणींची गाणी ऐकणे हा मुंबईकर मुलांचा रिवाज झाला. ॲनिमेशनचे शिक्षणही शहराला नवे नाही: १९५६ मध्ये डिस्नेतून आलेल्या क्लेअर वीक्स यांनी केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाला धडे दिले आणि नामवंत ॲनिमेशनकार राम मोहन तिथेच घडले.

चित्रपटगृहातली सर्वांत मोठी खोड मध्यंतराची. मूळ चित्रपटात मध्यंतर नसतेच, ते इथे घातले जाते आणि कधी नेमके गाण्याच्या तोंडावर येते. मुले परत जागेवर बसेपर्यंत पहिले कडवे संपलेले असते. पॉपकॉर्न आधीच घेऊन ठेवणे आणि मध्यंतरात फक्त स्वच्छतागृहाची फेरी मारणे सोयीचे. तिकीट काढताना भाषा तपासावी. एकाच पडद्यावर सकाळी हिंदी व दुपारी इंग्रजी खेळ असू शकतो. पाच-सहा वर्षांखालच्यांना थ्रीडी चष्मा नाकावर टिकत नाही, त्यांच्यासाठी टूडी बरा. पुढच्या रांगा टाळाव्यात, आवाज व मान दोन्हींचा त्रास होतो. चित्रपट प्रमाणनाच्या २०२४ च्या नियमांनुसार ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचे) प्रमाणपत्रात ७+, १३+ आणि १६+ असे भाग आहेत. ७+ दिसले तर धाकट्याला घाबरवणारे काही असू शकते असे समजावे. भीती बहुतेकदा चित्रापेक्षा खर्जातल्या आवाजाची असते, त्यामुळे डोळे झाकून उपयोग नाही, कान झाकावेत.

बालनाट्यात चेटकिणीला पोरे ओरडून उत्तर देतात, मल्टिप्लेक्समध्ये त्यांना गप्प केले जाते. तिथे निदान श्रेयनामावलीला तरी उठण्याची घाई करू नये: मुख्य गाणे पुन्हा वाजते, दिवे लागलेले असतात आणि जिन्यात नाचायला जागा मिळते.