सगळ्यांना माहीत, पण बोलायचं कुणीच नाही

रुग्ण मरणाच्या दारात आहे. डॉक्टरांना ते ठाऊक आहे, नर्सना ठाऊक आहे, खुद्द रुग्णालाही कळून चुकलंय. तरी खोलीत गप्पा हवापाण्याच्या. चुकून कुणाच्या तोंडून काही निसटलंच, तर बाकीचे ऐकलंच नाही असं दाखवतात.

बार्नी ग्लेसर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत हे पाहिलं आणि त्याला 'परस्पर बतावणी' अशा अर्थाचं नाव दिलं. आणखी तीन अवस्था त्यांना सापडल्या: रुग्णाला पत्ताच नसणं, संशय आल्यावर त्याने खडा टाकून पाहणं, आणि सगळ्यांनी मोकळेपणी बोलणं. हे काम १९६५ साली पुस्तकरूपाने आलं. ते कसं केलं, हे सांगणारं त्यांचं दुसरं पुस्तक १९६७चं. 'ग्राउंडेड थिअरी' ही संशोधनाची पद्धत तिथून रुजली.

तेव्हाचा रिवाज उलटा होता. थोरामोठ्यांचा सिद्धांत घ्यायचा, त्यातून गृहीतक काढायचं आणि ते आकड्यांवर तपासायचं. हे दोघे म्हणाले, सिद्धांतच माहितीतून उगवू द्या.

म्हणजे मुलाखती घेऊन सार काढायचं का? नाही, आणि इथेच बरेच प्रबंध घसरतात. समजा, दीर्घ आजार असलेलं कुणी म्हणालं, "आज बरं वाटत होतं, म्हणून उद्याचंही उरकून टाकलं." यावर 'कामाचं नियोजन' अशी चिठ्ठी लावली की त्यातला जीवच जातो. 'बरा दिवस पुरेपूर वापरून घेणं' म्हटलं, तर माणूस काय करतोय ते दिसतं. या चिठ्ठ्या म्हणजे कोड. ते क्रियेच्या रूपात असावेत असं अनेक जाणकार सांगतात. मराठीला हे सोपंच: लपवणं, चाचपणं, उसनं अवसान आणणं. मग प्रत्येक नवा प्रसंग जुन्या प्रसंगांशी ताडून बघायचा आणि डोक्यात येईल ते लगेच टिपायचं. या टिपणांना मेमो म्हणतात.

मला सर्वांत कल्पक वाटतो तो पुढचा भाग. कुणाला भेटायचं हे आधी पुरतं ठरलेलंच नसतं. हाती लागलेली कल्पना पुढची वाट दाखवते. ग्लेसर-स्ट्रॉस आधी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आणि मेंदूच्या शस्त्रक्रियांच्या विभागात गेले, कारण तिथल्या रुग्णांना जाणीव असण्याचा प्रश्नच बहुधा येत नव्हता. मग अतिदक्षता विभाग, जिथे मृत्यू झटपट येतो. मग कर्करोगाचा विभाग, जिथे तो अपेक्षित असतो पण रेंगाळतो. जाणीव, अपेक्षा, वेग यांत फरक पडला की माणसांचं वागणं कसं बदलतं, हे असं ताडता आलं.

थांबायचं कधी? नव्या मुलाखतींतून संकल्पनेला नवा पैलू मिळेनासा झाला की. या स्थितीला संपृक्तता म्हणतात. 'तीस मुलाखती झाल्या' ही संपृक्तता नव्हे, थकवा आहे.

पुढे दोघांचं फाटलं. स्ट्रॉस यांनी ज्युलिएट कॉर्बिन यांच्यासह १९९० साली पायऱ्या-पायऱ्यांची कार्यपद्धती मांडली. हे तर माहितीला साच्यात कोंबणं आहे, असं ग्लेसर यांनी १९९२च्या पुस्तकात सुनावलं. कॅथी शारमाझ यांनी तिसराच मुद्दा काढला: सिद्धांत कुठे पडलेला सापडत नाही, संशोधक आणि त्याच्याशी बोलणारी माणसं मिळून तो घडवतात. त्यामुळे आता 'ग्राउंडेड थिअरी वापरली' एवढ्याने भागत नाही. कुणाची, हेही सांगावं लागतं.