पिकनिक टेबल बोलणी (जॉर्डन-यार्मुक खोरं)

इस्रायल आणि जॉर्डन यांच्यात १९९४ पर्यंत शांतता करार नव्हता, कागदोपत्री दोघं युद्धातच होते, तरी त्यांचे पाणी खात्यातले लोक नदीकाठी गुपचूप भेटून पाण्याचा हिशोब लावायचे. या भेटींना पिकनिक टेबल बोलणी म्हणतात. जागा म्हणजे यार्मुक नदी जॉर्डन नदीला मिळते तो संगमाजवळचा भाग. वर्षातून काही वेळा भेट व्हायची आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की अगदी दर १५ दिवसांनीसुद्धा.

याचं मूळ जॉन्स्टन योजनेत आहे. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एरिक जॉन्स्टन यांना १९५३ मध्ये दूत म्हणून पाठवलं, दोन वर्षं ते या राजधानीतून त्या राजधानीत फिरले आणि १९५५ पर्यंत कोणाला किती पाणी यावर इंजिनियर मंडळींचं जवळपास जमलंही, पण अरब लीगने (अरब देशांच्या संघटनेने) मान्यता दिली नाही कारण करारावर सही म्हणजे इस्रायलला मान्यता दिल्यासारखंच झालं असतं. मग गंमत अशी की सही कोणीच केली नाही आणि आकडे मात्र इस्रायल आणि जॉर्डन दोघांनी ढोबळमानाने पाळले, आणि पाळतायत की नाही ते बघायलाच या भेटी कामाला आल्या.

बोलण्यात असायचं काय, तर बहुतेक वेळा गाळ. जॉर्डनचा ईस्ट घोर कालवा (आताचा किंग अब्दुल्ला कालवा) यार्मुकवर अदासियाजवळ सुरू होतो, तिथे पुराबरोबर दगडगोटे नि वाळू येऊन साचली की कालव्याच्या तोंडाशी पाणी कमी शिरतं आणि उरलेलं खाली इस्रायलच्या बाजूला जातं. साफ करायचं तर नदीच्या पात्रात माणसं उतरवावी लागणार, आणि समोरच्या काठावर इस्रायली फौज. म्हणजे विचारल्याशिवाय फावडं लावायची सोय नाही. हाच कालवा १९६९ मध्ये इस्रायलने हल्ले करून फोडला होता आणि अमेरिकेच्या मध्यस्थीनंतर दुरुस्त झाला, १९७० च्या दशकाच्या शेवटी तर या गाळावरूनच तणाव इतका वाढला की प्रकरण पुन्हा अमेरिकेकडे गेलं.

या भेटी टिकल्या कारण त्यात झेंडे नव्हते, कॅमेरे नव्हते आणि सीमा, निर्वासित, जेरुसलेम असले विषय कोणी काढत नव्हतं. मला तरी हे शहाणपणाचं वाटतं, पण त्याची दुसरी बाजूही आहे. पॅलेस्टिनी लोक त्या टेबलावर कधीच नव्हते, आणि १९६७ च्या युद्धानंतर तर पश्चिम किनाऱ्यावरच्या (वेस्ट बँक, जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा पॅलेस्टिनी भाग) लोकांना जॉर्डन नदीचं पाणी मिळणं बंदच झालं. वरच्या अंगाला सीरियाने यार्मुकवर धरणांमागे धरणं बांधली, तोही या बोलण्यांत नव्हता. नदीसाठी पाणी राखा म्हणणारं तर कोणीच नव्हतं, त्यामुळे खालच्या जॉर्डनमध्ये आज मूळ प्रवाहाच्या दहा टक्केसुद्धा पाणी उरत नाही आणि मृत समुद्राची पातळी वर्षाला साधारण एक मीटर खाली जाते.

१९९४ च्या करारात पाण्याचं वेगळं परिशिष्ट आलं (जॉर्डनकडून ते मुनथर हद्दादीन यांनी वाटाघाटी करून ठरवलं) आणि लपूनछपून भेटायची गरज संपली, संयुक्त पाणी समिती झाली. त्यात एक सोय फार हुशार आहे: हिवाळ्यात जॉर्डनने यार्मुकचं २ कोटी घनमीटर पाणी इस्रायलला द्यायचं आणि इस्रायलने उन्हाळ्यात तेवढंच तिबेरियास तलावातून परत करायचं, म्हणजे इस्रायलचा हा तलाव जॉर्डनची टाकी झाला. आपल्या हिशोबात हे जेमतेम पाऊण टीएमसी, कोयना धरणात १०५ मावतात, पण तिथे एवढ्यावरून सरकारं हलतात. दुष्काळात काय करायचं हे मात्र लिहायचं राहिलं, म्हणून १९९९ मध्ये इस्रायलने कमी पाणी देऊ म्हटल्यावर जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानमध्ये ओरड झाली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मोठी अदलाबदल ठरली: जॉर्डनने ६०० मेगावॅट सौर वीज द्यायची आणि इस्रायलने समुद्राचं गोडं केलेलं २० कोटी घनमीटर पाणी. ही घोषणा दुबईत कॅमेऱ्यांसमोर झाली. गाझा युद्ध पेटल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये जॉर्डनने अंतिम करारावर सही करणार नाही असं सांगून टाकलं.