अशोक कुमार नावाचा प्रतिवादी: पायरसीविरोधी आदेश आणि बोलण्याचं स्वातंत्र्य

एखाद्या गुंडाला पोलिसांनी वर्षभरासाठी स्थानबद्ध केलं की बातमीत 'एमपीडीए' हा शब्द हमखास येतो. या कायद्याचं पूर्ण मराठी नाव मात्र फार थोडे लोक शेवटपर्यंत वाचतात. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती... आणि त्याच रांगेत 'दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती', म्हणजे व्हिडिओ पायरेट्स. कायदा १९८१ चा. पायरेट्सची भर पडली २००९ मध्ये. खटला न चालवता माणसाला बारा महिन्यांपर्यंत डांबून ठेवण्याची सोय या कायद्यात आहे. तमिळनाडूने तर २००४ मध्येच आपल्या गुंडा कायद्यात व्हिडिओ पायरेट घातले होते.

सुरुवात इथून करतो आहे, कारण पायरसीकडे पाहण्याची आपल्या राज्यकर्त्यांची नजर या एका नावात दिसते: हा गुंडगिरीचा प्रकार आहे, आधी आवळा, सुनावणी नंतर पाहू. सीडीच्या जमान्यातली ही नजर इंटरनेटवर तशीच आली आणि खरा गोंधळ तिथून सुरू झाला. फुटपाथवरचा सीडींचा गठ्ठा जप्त केला तर फक्त सीडी जातात. वेबसाइट बंद केली तर तिच्यावर जे जे कुणी लिहिलं, मांडलं, जपून ठेवलं, ते सगळं तिच्यासोबत जातं.

निर्मात्यांचं दुखणं खोटं नाही, हे आधीच सांगतो. एसटी स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात 'कार्ड भरून मिळेल' अशी पाटी असायची, हे अनेकांना आठवत असेल. वीस-तीस रुपये द्यायचे, मेमरी कार्ड काउंटरवर ठेवायचं, आणि शुक्रवारी लागलेला सिनेमा शनिवारी खिशात. कर्ज काढून मराठी सिनेमा करणाऱ्याची कमाई पहिल्या दोन आठवड्यांत व्हायची ती होते. त्या दोन आठवड्यांत सिनेमा फुकट फिरला, तर नंतर मिळालेला न्याय त्याच्या काही कामाचा नसतो. म्हणून त्याला आदेश हवा असतो तो प्रदर्शनाच्या आधी, आणि अजून न घडलेल्या चोरीविरुद्ध.

असा आदेश भारतात पहिल्यांदा मिळाला तो सिनेमासाठी नाही, फुटबॉलसाठी. २००२ ची विश्वचषक स्पर्धा जपान आणि कोरियात चालू होती. प्रक्षेपणाचे हक्क विकत घेतलेल्या वाहिनीचा सिग्नल देशभरातले केबलवाले पैसे न भरताच दाखवत होते. हजारो केबलवाल्यांची नावं दाव्यात घालणार कशी? दिल्ली उच्च न्यायालयाने नाव माहीत नसलेल्या प्रतिवादींविरुद्ध आदेश दिला. इंग्रजी देशांत अशा अनोळखी माणसाला 'जॉन डो' म्हणतात. आपल्याकडे त्याचं बारसं झालं 'अशोक कुमार'. तेव्हापासून या आदेशांना वकिलांच्या बोलण्यात तेच नाव आहे.

केबलवाल्याच्या दारात न्यायालयाचा माणूस जाऊन उभा राहतो, तेव्हा अशोक कुमारला निदान कळतं की आपल्यावर काही आलं आहे. इंटरनेटवर आदेश त्याच्याकडे जातच नाही. तो जातो इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीकडे. त्या कंपनीला ना त्या सिनेमाशी देणंघेणं, ना त्या वेबसाइटशी. न्यायालयाचा अवमान अंगावर घेण्यापेक्षा जरा जास्तच बंद केलेलं बरं, असा सरळ हिशेब ती करते. जुलै २०११ मध्ये 'सिंघम'साठी असा आदेश मिळाला आणि फायली ठेवण्या-पाठवण्याच्या कित्येक वेबसाइट काही ग्राहकांना उघडेनाशा झाल्या. त्यांच्यावर लोकांचे लग्नाचे फोटो होते, कामाच्या फायली होत्या. आदेशात एकाही वेबसाइटचं नाव नव्हतं.

मे २०१२ मध्ये हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. मद्रास उच्च न्यायालयाने '३' या तमिळ सिनेमासाठी दिलेल्या आदेशाचा आधार घेऊन कंपन्यांनी व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन अशा अख्ख्या वेबसाइट बंद केल्या. व्हिमिओवर जगभरातले हौशी चित्रकर्ते आपलं काम मांडतात. पेस्टबिनवर तर नुसता मजकूर असतो. ९ जूनला मुंबईसह अनेक शहरांत तरुण मुलं मुखवटे घालून रस्त्यावर उतरली. सेवा कंपन्यांनीही न्यायालयात जाऊन खुलासा मागितला, आणि २२ जूनला न्यायालयाने स्पष्ट केलं की मनाई फक्त ज्या पत्त्यावर तो सिनेमा ठेवला आहे त्या नेमक्या पत्त्यापुरती आहे, संपूर्ण वेबसाइटला नाही. आणि तो पत्ता निर्मात्याने कळवायचा आहे.

योगायोग असा, की त्याच्या आदल्याच दिवशी, २१ जून २०१२ ला, सुधारित कॉपीराइट कायदा अमलात आला होता. त्यातली कलम ५२ मधली एक तरतूद मला फार समंजस वाटते. हक्कदाराने लेखी तक्रार केली, तर मध्यस्थ वेबसाइटने, म्हणजे इतरांचा मजकूर आपल्याकडे ठेवणाऱ्या वेबसाइटने, एकवीस दिवस तो मजकूर रोखून धरायचा. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही, तर मजकूर पुन्हा खुला करता येतो. म्हणजे तक्रारदाराला ताबडतोब दिलासा आहे, पण आपलं म्हणणं न्यायाधीशासमोर सिद्ध करायची जबाबदारीही त्याच्यावरच आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी वाजवी बंधनं घालता येतात, ती कारणं राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये मोजून दिली आहेत: देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान वगैरे. कॉपीराइट त्या यादीत नाही. सरकार ज्या कलमाखाली वेबसाइट बंद करतं, त्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ मध्येही नाही. त्यामुळे पायरसीची लढाई न्यायालयांच्या मनाई हुकुमांतूनच लढली गेली, आणि तो हुकूम किती काळजीपूर्वक लिहिला जातो यावर सगळं अवलंबून राहिलं.

अमेरिकेत त्या सुमारास हाच वाद कायदेमंडळात पेटला होता. 'सोपा' आणि 'पिपा' ही दोन विधेयकं परदेशी पायरेट वेबसाइटचे पत्ते, जाहिराती आणि पैशांचे व्यवहार तोडण्यासाठी आणली होती. १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया निषेध म्हणून चोवीस तास काळा पडला आणि दोन दिवसांत दोन्ही विधेयकं बाजूला ठेवावी लागली. विरोधकांच्या हातात एक जिवंत उदाहरण होतं. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकी सरकारने 'डाजाझ१' नावाचा हिपहॉप संगीताचा ब्लॉग पायरसीच्या संशयावरून जप्त केला, वर्षाहून अधिक काळ ताब्यात ठेवला आणि डिसेंबर २०११ मध्ये एकही आरोप न ठेवता परत दिला. वर्षभर तो ब्लॉग मुका होता, त्याची भरपाई कोण करणार?

खरं तर कॉपीराइट आणि सेन्सॉरशिप यांचा जन्म शेजारशेजारचाच. १५५७ मध्ये इंग्लंडच्या मेरी राणीने लंडनच्या छापखानेवाल्यांच्या संघाला सनद दिली. छपाईचा मक्ता त्यांचा, आणि बदल्यात बेकायदा पुस्तकं शोधून जप्त करण्याचं कामही त्यांचंच. धंद्याचं रक्षण आणि राजसत्तेला नको असलेल्या मजकुराचा बंदोबस्त, दोन्ही एकाच हातात. छपाईच्या परवान्याचा कायदा १६९५ मध्ये संपला आणि १७१० मध्ये लेखकाच्या हक्काचा पहिला कायदा आला, तेव्हा कुठे या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या.

आपल्या बाजूला परत येतो, कारण या इतिहासातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं पान मुंबई उच्च न्यायालयात लिहिलं गेलं. २०१६ चा जून-जुलै. 'उडता पंजाब' प्रदर्शनाआधीच फुटला होता आणि कोपऱ्यात 'सेन्सॉरसाठी' असं छापलेली प्रत लोकांच्या फोनवर फिरत होती. निर्माते धास्तावलेले असणं साहजिक होतं. 'डिशूम'चे निर्माते लांबलचक यादी घेऊन न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर आले. न्यायमूर्तींनी सरसकट बंदी द्यायला नकार दिला. पत्ता न् पत्ता तपासा, त्या तपासाची फेरतपासणी करा, आणि मग प्रतिज्ञापत्रावर सांगा, असं त्यांनी बजावलं. तसं केल्यावरच नेमक्या पत्त्यांपुरता आदेश मिळाला. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे बंद केलेल्या पानावर काय दिसायला हवं, हेही त्यांनी ठरवून दिलं: कोणत्या कायद्याखाली बंद केलं, दावा कोणता, आदेश कोणता, आणि कुणावर अन्याय झाला असेल तर त्याने दाद कुठे मागायची.

त्या पानावर आलेल्या मजकुराने ऑगस्टमध्ये वेगळीच खळबळ उडवली. बंद केलेल्या पत्त्यावरची चोरीची प्रत नुसती 'पाहणं' हाही गुन्हा आहे, तीन वर्षं कैद आणि तीन लाख रुपये दंड, असा त्याचा सूर होता. लिंकवर चुकून बोट पडलं तर तुरुंगात जावं लागेल का, असं लोक एकमेकांना विचारत होते. न्यायमूर्ती पटेल यांनी तेही दुरुस्त केलं. गुन्हा पाहण्यात नाही, परवानगीशिवाय वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात आहे, हे त्यांनी स्पष्ट केलं आणि 'पाहणं' हा शब्द काढायला लावला. एका शब्दाने किती लोक घाबरून गप्प बसतात, याची जाण त्या दुरुस्तीत होती.

ही पद्धत देशभर रुजली असती तर! पण ऑगस्ट २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दोन हिंदी सिनेमांसाठी दिलेल्या आदेशांच्या यादीत अडीच हजारांहून अधिक वेबसाइट होत्या आणि त्यांत 'इंटरनेट आर्काइव्ह'ही होतं. मराठी वाचणाऱ्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको. ग्रंथालयांतून नाहीशी झालेली कित्येक जुनी मराठी पुस्तकं तिथे पानन् पान स्कॅन करून ठेवलेली आहेत, स्वामित्वहक्काची मुदत कधीच संपलेली. त्या आठवड्यात मी एका शंभर वर्षांपूर्वीच्या व्याकरणाच्या पुस्तकातली तळटीप ताडून पाहत होतो. सकाळी पान उघडलं, संध्याकाळी त्याच जागी पांढऱ्या पडद्यावर दोन ओळी: दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार हा पत्ता बंद करण्यात आला आहे. सिनेमाचा उल्लेख नाही, न्यायालयाचा नाही. आर्काइव्ह चालवणाऱ्यांनाही कुणी आधी विचारलेलं नव्हतं. काही दिवसांनी ते सुरू झालं, तेही बातम्या जगभर गेल्यावर. एखादा छोटा ब्लॉग त्या यादीत असता तर त्याच्यासाठी बातमी कुणी केली असती?

चूक एकदाची नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकावेळी दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशात ४७२ वेबसाइट होत्या आणि त्यांत गूगल डॉक्सचा पत्ताही गेला होता. आठवडाभरात यादी २१९ वर आली. इटलीत २०२४ पासून फुटबॉल सामन्यांसाठी तक्रारीनंतर तीस मिनिटांत पत्ता बंद करणारी यंत्रणा आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिने गूगल ड्राइव्हचा एक पत्ता अडवला. यादी तक्रारदाराने करायची, तपासायला वेळ नाही, आणि ज्याचं बंद होणार तो समोर नाही; असं असेल तिथे हेच होतं.

एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणखी एक वळण घेतलं. एक पत्ता बंद केला की रक्तबीजासारखे दहा नवे उगवतात, ही निर्मात्यांची तक्रार रास्त होती. मुख्यतः चोरीच्याच मालावर चालणाऱ्या वेबसाइट कशा ओळखायच्या याच्या खुणा न्यायालयाने घालून दिल्या आणि अशा वेबसाइट संपूर्ण बंद करायला मुभा दिली. शिवाय त्यांचीच नवी रूपं यादीत घालण्यासाठी दरवेळी न्यायाधीशांसमोर यायला नको, प्रतिज्ञापत्र घेऊन सहनिबंधकांकडे, म्हणजे न्यायालयाच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याकडे, गेलं तरी चालेल, असं ठरवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये तेच न्यायालय त्याही पुढे गेलं. अजून तयारही न झालेल्या कलाकृतींना आधीच संरक्षण मिळालं. त्याच वर्षी सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त झाला. चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्याला किमान तीन महिने कैद आली, आणि नोव्हेंबरमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने नेमलेल्या अधिकाऱ्यांना तक्रारीवरून '४८ तासांत मजकूर हटवा' असे आदेश देता येऊ लागले. चित्रण करणाऱ्याला शिक्षा व्हावी, यात मला काहीच गैर दिसत नाही. पण न्यायाधीशाकडून सहनिबंधकाकडे, आणि तिथून मंत्रालयाच्या टेबलाकडे हा प्रवास कोणत्या दिशेने चालला आहे, ते डोळ्यांआड करता येत नाही.

आणि आता तर न्यायालय, मंत्रालय दोन्ही न लागता काम होतं. यूट्यूबवर नव्वद दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक, म्हणजे हक्कदाराच्या तक्रारीवरून नोंदवलेले तीन ठपके, पडले की चॅनेल जातं. मे २०२५ मध्ये काही यूट्यूबरांनी जाहीर आरोप केला, की काही सेकंदांची बातमीची दृश्यं वापरल्याबद्दल एका वृत्तसंस्थेने स्ट्राइक टाकले आणि ते मागे घेण्यासाठी परवान्यापोटी लाखो रुपये मागितले. टीका, परीक्षण आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी दुसऱ्याच्या कामातला अंश वापरण्याची मुभा कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ देतं. बिनबुडाची धमकी देणाऱ्याविरुद्ध दावा लावायची सोय कलम ६० मध्ये आहे. पण गावातल्या पाणीप्रश्नावर व्हिडिओ करणाऱ्या मुलाचं चॅनेल आठवड्यात बंद होणार असेल, तर तो कोणत्या वकिलाकडे जाणार आणि कोणत्या पैशांनी?

बंद केलेलं एखादं पान आज उघडून पाहा. बहुतेकदा अजूनही त्याच दोन ओळी येतात. दाव्याचा क्रमांक नसतो, आदेशाची तारीख नसते, आणि दाद कुठे मागायची तेही नसतं.