पार्श्वभूमी : नागपूरच्या पोरांना गणिताच्या स्पर्धांची ओढ लागली कुठून?

२०२४ साली गणपती बसले ७ सप्टेंबरला, शनिवारी. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आयओक्यूएमचा पेपर, म्हणजे गणित ऑलिम्पियाड या शाळकरी मुलांच्या स्पर्धेची भारतातली पहिली चाळणी. धरमपेठेतल्या एका घरी त्या रविवारी आरती साडेसातलाच उरकली, कारण नववीतल्या नातीला वेळेत केंद्रावर पोचायचं होतं. आजीचा चेहरा उतरलेला. "शाळेची परीक्षा आहे का ही?" नाही. "मग मार्क कुठे धरतात हिचे?" कुठेच नाही. तीन तास, तीस प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर शून्य ते नव्व्याण्णवमधली एक संख्या, तिचे गोळे काळे करायचे आणि घरी यायचं. सणासुदीच्या दिवशी पोरगी या कामासाठी एवढी खुशीत का, हे आजीला काही उमगलं नाही.

मी रविवारी काही मुलांसोबत गणितं सोडवत बसतो, त्यामुळे हा प्रश्न मलाही विचारला जातो. उत्तर द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आमच्या लहानपणी स्पर्धा म्हणजे स्कॉलरशिप. मी नागपूरच्या महाल भागातल्या मराठी शाळेत शिकलो, ऐंशीच्या दशकात. शाळा दुपारची, पण चौथीतली निवडक पोरं सकाळी सातला जादा तासाला हजर. गाइड बर्डीच्या फुटपाथवरून आणलेलं, आधीच्या मालकानं पेन्सिलीनं उत्तरं लिहून ठेवलेली. ती खोडरबरानं पुसणं ही तयारीची पहिली पायरी. हौद भरणारे नळ, उलट्या प्रवाहातली नाव, घड्याळाचे काटे. बाई टेबलावर डस्टर आपटायच्या आणि म्हणायच्या, "डोक्यात करा, कागदावर नको." जो आधी हात वर करील तो हुशार. चौथी आणि सातवीची ही परीक्षा २०१६-१७ पासून काही वर्षं पाचवी आणि आठवीला गेली, पण वेग म्हणजे हुशारी हे समीकरण तिनं पिढ्यान्‌पिढ्या रुजवलं, ते काही हललं नाही. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा आणि गणित प्रावीण्य, गणित प्रज्ञा या परीक्षाही मधल्या काळात तिच्या शेजारी येऊन बसल्या.

त्याच्या वरची पायरी एनटीएस, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा. १९६३ साली दिल्लीपुरती सुरू झालेली विज्ञान प्रज्ञाशोध योजना पुढच्याच वर्षी देशभर गेली, १९७७ मध्ये तिचं नाव आणि रूप बदललं, आणि २०२१ नंतर ती थांबली ती थांबलीच. नागपूरला या दिल्लीच्या परीक्षेचं आकर्षण जरा जास्तच होतं, असं माझं मत आहे. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. एकाच बाकावर मराठी आणि हिंदी घरांतली मुलं बसत आली. पुण्यात काय चाललंय यापेक्षा दिल्लीहून काय निघतंय याकडे इथल्या पालकांचे कान अधिक टवकारलेले असायचे.

मराठी माणसाला गणितातल्या क्रमांकाचं वेड मात्र त्याहून जुनं. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झाले, म्हणजे यादीत सर्वांत वर. ती पदवी त्यांच्या नावाला अशी चिकटली की मराठीत ते कायमचे 'रँग्लर परांजपे' झाले. पुढे रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर (त्या परीक्षेत पहिला वर्ग मिळवणारा तो रँग्लर). परीक्षेतला क्रमांक उपाधीसारखा नावाआधी लावणारा समाज दुसरा क्वचितच असेल! गंमत म्हणजे १९०९ नंतर केंब्रिजनं स्वतःच क्रमवारी लावणं बंद केलं. क्रमांकामागे धावताना पोरं गणित न शिकता युक्त्या शिकतात, ही तिथली तक्रार. आपण 'बोर्डात पहिला', 'मेरिटमध्ये आली' हे त्यानंतरही कित्येक दशकं मिरवलं. त्या जुन्या यादीतली आणखी एक गोष्ट मी मुलींना आवर्जून सांगतो : १८९० मध्ये फिलिपा फॉसेटचे गुण सीनियर रँग्लरपेक्षाही जास्त होते, पण बायकांना क्रमांकच द्यायचा नाही असा नियम असल्यानं तो मान पुरुषालाच गेला. त्याच केंब्रिजमध्ये २०१२ साली मुलींची युरोपियन गणित ऑलिम्पियाड सुरू झाली. आता भारतही तिला चौघींचा संघ पाठवतो.

परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक १९२७ मध्ये द. रा. कापरेकरांना मिळालं. हे गृहस्थ पुढे आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर राहिले. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, मोठ्यातून लहान वजा करा, आलेल्या अंकांवर पुन्हा तेच. फार तर सात वेळा केलं की ६१७४ येतं. कुठली वेळ नाही, कुठला नंबर नाही. माझ्या रविवारच्या बैठकीत नवं पोर आलं की पहिल्या दिवशी हेच देतो, आणि ते पोर दुसऱ्या रविवारी परत येईल की नाही ते साधारण तिथेच समजतं.

आता दुसरा प्रवाह, सावकाश गणिताचा. त्याचा उगम हंगेरीत, १८९४ साली. लोरांड ओत्वोश हे पदार्थवैज्ञानिक शिक्षणमंत्री झाले, त्यांच्या सन्मानार्थ नुकत्याच शाळा संपवलेल्या मुलांसाठी एक स्पर्धा निघाली. तीन प्रश्न, चार तास, सोबत पुस्तकं-वह्या न्यायला मोकळीक. त्याच वर्षी शाळकरी मुलांसाठी गणिताचं मासिक सुरू झालं. दर महिन्याला प्रश्न छापायचे, मुलांनी टपालानं उत्तरं धाडायची. इतक्या छोट्या देशातून थिओडोर फॉन कारमान (१८९८), एडवर्ड टेलर (१९२५) असे पुढे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झालेले विजेते निघाले, त्याचं श्रेय मी स्पर्धेपेक्षा त्या मासिकाला देईन. पेपर वर्षातून एकदा, मासिक बारा महिने.

त्या पहिल्याच पेपरातला पहिला प्रश्न असा : क्ष आणि य या पूर्ण संख्या आहेत. २क्ष + ३य ला १७ नं भाग जात असेल तर ९क्ष + ५य लाही जातो, आणि ९क्ष + ५य ला जात असेल तर २क्ष + ३य लाही जातो, हे सिद्ध करा. धरमपेठेतल्या त्या मुलीला मी हा मे महिन्यात दिला होता. कूलरच्या घरघरीत ती अर्धा तास आकडे घालून बघत होती. क्ष सात, य एक घेतलं की चौदा अधिक तीन सतरा. दुसरीकडे त्रेसष्ट अधिक पाच अडुसष्ट, म्हणजे सतरा चोक अडुसष्ट. बरोबर! पण उदाहरणं दिली म्हणजे सिद्ध झालं असं नाही, हे तिला ठाऊक होतं. मग तिनं पहिल्या राशीला चारनं गुणलं : ८क्ष + १२य. त्यात दुसरी मिळवली : १७क्ष + १७य. वहीवर पेन आपटलं. "सर, झालं!"

झालं नव्हतं. पहिलीवरून दुसरी निघते, हे झालं. दुसरीवरून पहिली राहिलीच. "हो ना जी, हे उलटं तं राहूनच गेलं," म्हणत ती परत बसली. ९क्ष + ५य ला १७ नं भाग गेला तर ८क्ष + १२य लाही जातो, म्हणजे २क्ष + ३य च्या चौपटीला जातो. पण चौपटीला जातो म्हणून मूळ राशीला जातोच असं कशावरून? कारण १७ ही मूळ संख्या, आणि ती चारला भागत नाही. हे एक वाक्य लिहायला तिला आणखी वीस मिनिटं लागली. स्कॉलरशिपच्या हिशेबानं या वेळात तिनं चाळीसेक प्रश्न उडवले असते.

हंगेरीचा हा कित्ता सोव्हिएत संघानं गिरवला, लेनिनग्राडला १९३४ मध्ये आणि मॉस्कोला १९३५ मध्ये. मग १९५९ साली रुमानियात पहिली आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड भरली, तेव्हा आले सात देश, सगळे पूर्व युरोपच्या गोटातले. भारत तिथे पोचला तीस वर्षांनी, १९८९ मध्ये, पश्चिम जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला. मधल्या काळात इथे काहीच नव्हतं असं मात्र नाही. चेन्नईची गणित शिक्षकांची संघटना १९६५ ची, बंगळुरूत प्रा. प्रभुलाल भटनागरांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ऑलिम्पियाडचा प्रयोग केला. अणुऊर्जा विभागानं १९८३ मध्ये राष्ट्रीय उच्च गणित मंडळ नेमलं आणि १९८६ पासून राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. १९९६ मध्ये तर जगभरची मुलं मुंबईलाच आली. आजची उतरंड सगळ्यांना पाठ आहे : आधी आयओक्यूएम, मग प्रादेशिक आरएमओ, जानेवारीत राष्ट्रीय आयएनएमओ, त्यातून निवडलेल्यांचं उन्हाळ्यात शिबिर, आणि शेवटी सहा जणांचा संघ. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ इथे या संघानं चार सुवर्ण आणून चौथा क्रमांक मिळवला, भारताची तोवरची सर्वांत चांगली कामगिरी. त्या जुलैनंतर माझ्याकडे फोन वाढले, हे कबूल करतो.

महाराष्ट्रात या सगळ्याचं केंद्र पुणं राहिलं. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये तिथे भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केलं आणि ऑलिम्पियाडचे वर्ग तिथे नियमित भरत आले. नागपूरहून पुणं रात्रभराचा प्रवास, दर रविवारी कोण जाणार? त्यात आमचं शाळेचं वेळापत्रकच वेगळं. उन्हापायी विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर. परीक्षा मात्र सगळ्यांची सप्टेंबरच्या सुरुवातीला. त्यात पोळा, तान्हा पोळा, मारबत, गणपती. तयारीची बहुतेक पुस्तकं इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या पोराला गणिताआधी 'if and only if' ची इंग्रजी गाठ सोडवावी लागते, म्हणून मी 'हे असेल तरच ते, आणि ते असेल तरच हे' असं फळ्यावर लिहूनच ठेवतो. मोबाइलवर जुने पेपर आणि उत्तरं मिळायला लागली तेव्हा कुठे हे अंतर थोडं कमी झालं.

आणि एक घोळ सांगायलाच हवा. पहिलीपासूनच्या मुलांना शाळेतून जे 'ऑलिम्पियाड'चे फॉर्म मिळतात, फी भरली की पदक मिळतं, ते वेगळं दुकान आहे. एका वर्षी माझ्याकडे एक बाबा आले, मुलाची पाच सुवर्णपदकं घेऊन. मुलगा सातवीत, पाढे तोंडपाठ, पर्याय पटापट खोडायचा. मी विचारलं, दोन विषम संख्यांची बेरीज सम का असते? तो म्हणाला, "पर्याय सांगा ना सर." हसू आलं, मग वाईट वाटलं, पोराचा काय दोष, त्याला कोणी 'का' असं विचारलंच नव्हतं.

फायद्याचा हिशेब करणारेही आहेतच. आठवीपासूनच्या फाउंडेशन बॅचवाले ऑलिम्पियाड म्हणजे जेईईची पायरी असं सांगतात. ते निम्मंच खरं : जेईईला वेग लागतो, आरएमओला तीन तासांत सहाच प्रश्न असतात. अलीकडे ऑलिम्पियाडचा थेट उपयोगही होतो. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आयएनएमओतल्या यशाला प्रवेशात मान देते. हे कळल्यावर काही पालकांचा सूर बदलतो. मुलांचा फारसा बदलत नाही.

त्या मुलीचं २०२४ चं आयओक्यूएम निघालं नाही. थोडक्यात हुकलं. दिवाळीनंतरच्या रविवारी ती आली तेव्हा मी तिला १९५९ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतला पहिला प्रश्न दिला, कुठला आहे ते न सांगता : न ही कुठलीही नैसर्गिक संख्या असो, २१न + ४ छेद १४न + ३ हा अपूर्णांक संक्षिप्त होत नाही, हे सिद्ध करा. तिनं छेदाला तीननं गुणलं, अंशाला दोननं, आणि वजाबाकी केली. न उडाला, उरला एक. दोघांना भागणारी संख्या त्या एकालाही भागणार, म्हणजे ती एकच.

"सर," ती वही पुढे सरकवत म्हणाली, "हे तं आपलं सतरावालंच आहे."