मुंबईच्या स्वयंपाकघराचा रंग : नीळ घातलेल्या चुन्यापासून शेड कार्डापर्यंत

मुंबईत स्वयंपाकघराचा रंग आवडीनुसार निवडण्याची चैन अलीकडची आहे. कित्येक दशकं तो धूर, ओल आणि दुकानात मिळणारे मोजके डबे यांनीच ठरवला.

वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची, चूल त्यातल्याच एका कोपऱ्यात. शेगडीची आणि पुढे रॉकेलच्या स्टोव्हची काजळी भिंतीवर बसायची, म्हणून सणावाराआधी चुना मारायचा. चुना रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायचा आणि त्यात डिंकाचं पाणी घालायचं. डिंक कमी पडला की भिंतीला टेकणाऱ्याच्या कपड्यांना पांढरं लागलंच. पिवळट झाक मारायला थोडी नीळ. ती हात सैल सोडून घातली की भिंत आकाशी व्हायची, आणि कित्येक घरांत ती तशी मुद्दाम घालत. चुना अल्कधर्मी असल्यामुळे बुरशी लवकर धरत नाही आणि भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. पावसाळी शहराला तो मानवला यात नवल नाही. फक्त तो धुता येत नाही.

धुता येणारी भिंत दिली ऑइल पेंटने. आजच्या नेरोलॅकची मूळ कंपनी १९२० साली लोअर परळला सुरू झाली, तर एशियन पेंट्स १९४२ साली गिरगावातल्या गायवाडीत. खाली चार फूट ऑइल पेंट आणि वर चुना किंवा डिस्टेंपर (पाण्यात कालवायचा स्वस्त, खडूसारखा रंग), ही जोडी मग चाळीतून फ्लॅटमध्येही आली. फोडणीचे शिंतोडे सोड्याच्या पाण्याने निघत. पण ऑइल पेंटच्या दोन खोडी होत्या. ओलसर गिलाव्यावर मारला की पाणी आत कोंडतं, फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. शिवाय पांढरा ऑइल पेंट पिवळा पडतो, आणि तोही उजेडापेक्षा अंधारात जास्त. कपाट सरकवल्यावर त्यामागचा चौकोन उरलेल्या भिंतीपेक्षा पिवळा दिसतो तो त्यामुळे. क्रीम, पिस्ता, फिका हिरवा हे रंग घराघरांत टिकले, कारण त्यांच्यावर हे पिवळेपण लपतं.

जुन्या पिवळ्या-हिरव्या ऑइल पेंटबद्दल एक गोष्ट मात्र गंभीर आहे. त्यातल्या अनेक रंगद्रव्यांत शिसं असे. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग असावी हा नियम २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर कोरडे घासू नयेत. भिंत ओली करून खरवडावी, लहान मुलांना त्या दिवशी घरात ठेवू नये.

१९५५ साली बर्मा शेलने मुंबईत गॅस सिलिंडर आणला. घराघरांत तो पोचायला वेळ लागला, पण पोचला तिथली काजळी गेली आणि तेलकट वाफ तेवढी उरली. त्यावरचा इलाज होता टाइल्स. ओट्यावर दोन फूट लागणाऱ्या ६ बाय ६ इंची पांढऱ्या टाइल्स पुढे लिंटेलपर्यंत, म्हणजे दार-खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत, चढल्या, काळ्या कडप्प्याच्या जागी ग्रॅनाइट आला, मांडणीच्या जागी लॅमिनेटची कपाटं. रंगाच्या वाट्याला वरची दोन-तीन फुटांची पट्टी राहिली. नेमक्या त्याच सुमारास दुकानांत रंग मिसळणारी यंत्रं आली आणि स्टेनरच्या (गडद रंगद्रावाच्या) बाटल्यांतून अंदाजाने रंग कालवणाऱ्या रंगाऱ्याच्या जागी हजारो शेड्सचं कार्ड हातात पडलं.

म्हणून आज भिंत सगळ्यात शेवटी ठरवावी. ग्रॅनाइट, टाइल आणि शटर (कपाटांची दारं) दहा-पंधरा वर्षं बदलत नाहीत. रंग चार-पाच वर्षांनी बदलतो. टाइलशेजारी कोरा पांढरा कागद धरा, तिची खरी झाक लगेच कळते. टाइल क्रीम असेल तर वर शुभ्र, निळसर पांढरा नकोच. नवी कोरी टाइलसुद्धा त्याच्या खाली मळकट दिसते. तिथे हस्तिदंती किंवा फिका बदामी. तपकिरी ग्रॅनाइट आणि लाकडी शटर असेल तरीही हेच रंग. राखाडी-पांढऱ्या शटरांवर राखाडीकडे झुकणारा फिका हिरवा चांगला बसतो.

मुंबईत बऱ्याच स्वयंपाकघरांची खिडकी डक्टकडे, म्हणजे इमारतीतल्या अरुंद, अंधाऱ्या पोकळीकडे, उघडते, म्हणजे दिवसाही दिवा लागतो. ६५०० केल्विनच्या (उजेडाच्या छटेचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर) पांढऱ्या ट्यूबखाली पिवळा रंग हिरवट होतो, ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली निळा मळतो. कार्डावरून निर्णय घेऊ नका. लहान डबा आणून टाइलला लागून दोन बाय दोन फुटांवर दोन हात मारा आणि सकाळी, दुपारी, दिवा लावून असं तीनदा पाहा. भिंतीवर शेड कार्डापेक्षा गडद वाटते, तेव्हा एक पायरी फिकी घ्यावी.

आठ बाय सात फुटांच्या स्वयंपाकघरात तीन फुटांची पट्टी म्हणजे जेमतेम ९० चौरस फूट. चांगल्या इमल्शनचा (पाण्यात पातळ करायच्या प्लास्टिक रंगाचा) एक लिटर दोन हातांना सहसा पुरतो. इतक्या थोड्या रंगात स्वस्त डिस्टेंपर घेऊन वाचतं फार कमी, आणि ते तेलाचे डाग पुसताना निघून येतं. धुता येणारं, मंद चमकेचं इमल्शन घ्या. पूर्ण चमकेच्या रंगात लांबीचा (रंगाआधी भिंतीला लावायच्या पुट्टीचा) प्रत्येक उंचवटा ट्यूबच्या उजेडात उठून दिसतो.

खाली जुना चुना असेल तर तो पूर्ण खरवडल्याशिवाय प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) धरत नाही. पलीकडे न्हाणीघर असेल तर आधी गळती काढा आणि भिंत वाळू द्या. नवा गिलावा किमान २८ दिवस मुरलेला हवा. जून ते सप्टेंबर रंगकाम टाळलेलं बरं. तेव्हा लांबी वरून वाळते, आत ओलीच राहते, आणि दिवाळीपर्यंत त्याच जागी पोपडे धरतात.