गरम झाली की बंद, गार झाली की चालू

जुनी पद्मिनी किंवा कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) मारुती ८०० ज्यांच्या घरी होती त्यांना हे काही नवीन नाही. मे महिना, कसारा नाहीतर खंबाटकी घाट, पुढे लोड भरलेला ट्रक, गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगतेय, दोन गचके बसतात आणि बंद. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं पण पकडत नाही. अर्धा तास बॉनेट उघडं टाकून बसलं की एका सेल्फमध्ये चालू, जसं काही झालंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी गॅरेजला न्यावी तर ठणठणीत, मग मेकॅनिक म्हणणार प्लग बदलून बघू, नाहीतर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी) टाकू, नाहीतर कार्बोरेटर खोलू. हे अंदाजपंचे पार्ट बदलणं मला बिलकुल पटत नाही. फॉल्ट गरम असताना येतो आणि गार होताना निघून जातो, त्यामुळे शोधायचा तर बंद पडल्यावर लगेच, जागेवरच, गाडी नीट कडेला घेऊन.

शोधायचं काय, तर पेट्रोल येत नाहीये की करंट, म्हणजे प्लगची ठिणगी. हवा आणि कॉम्प्रेशन सहसा असं अर्ध्या तासात जाऊन परत येत नाही.

आधी पेट्रोल. पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नाही, बऱ्याच हायड्रोकार्बनचं मिश्रण आहे, आणि त्यातले हलके घटक ३५-४० डिग्रीलाच उकळायला लागतात. आता जुन्या गाडीची रचना बघा. टाकी मागे, आणि पेट्रोल ओढणारा मेकॅनिकल पंप पुढे थेट इंजिनला बोल्ट केलेला, म्हणजे गरम जागी. त्यात पंप ओढतो म्हणून लाइनमधला दाब कमी होतो, आणि दाब कमी की उत्कलनबिंदूही खाली येतो. घाट चढताना हवेचा दाबही थोडा उतरतोच. लाइनमध्ये वाफेचा फुगा झाला की पंपाचा पडदा त्या वाफेलाच दाबतो-सोडतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. पंपावर ओलं फडकं टाकायची जुन्या ड्रायव्हर लोकांची युक्ती अगदी शास्त्रशुद्ध आहे, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि आतली वाफ परत द्रव होते.

गंमत म्हणजे याच उष्णतेने उलटही होतं. चहाला थांबलात, इंजिन बंद केलं, की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि बॉनेटखालचं तापमान उतरायच्या आधी काही वेळ चढतं. मग कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून खाली मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीत) सांडतं आणि इंजिन फ्लड होतं, म्हणजे जास्तीच्या पेट्रोलने गुदमरतं. तेव्हा अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, सारखी दाब-सोड करायची नाही, आणि सेल्फ मारायचा, जास्तीची हवा आत जाऊन मिश्रण पातळ होतं.

कळायचं कसं? सेल्फ न मारता एअर फिल्टरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या घशात डोकवा (तोंड लांब ठेवून, सिगारेटवाल्यांना लांब ठेवून) आणि थ्रॉटलची दांडी हाताने झटकन ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर वाटीत पेट्रोल आहे. कोरडं असेल तर पेट्रोल पोचत नाहीये. मग टाकीचं झाकण उघडा, आत जोरात हवा खेचल्याचा आवाज आला आणि नंतर गाडी चालू झाली तर टाकीचा हवेचा मार्ग चोंदलाय, पंप बिचारा निर्दोष.

पिचकारी आली, तर करंट बघायचा. फिल्टरचं झाकण परत लावा, सांडलेलं पेट्रोल उडून जाऊ द्या. स्पेअर प्लग वायरला लावून त्याची बॉडी इंजिनच्या लोखंडाला टेकवा, वायर हातात धरू नका, इन्सुलेशनवाली पक्कड घ्या, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी म्हणजे ठीक. पिवळी, मरतुकडी किंवा नाहीच, तर संशय कॉइल आणि कंडेन्सरवर (पॉइंटसोबतचा छोटा कपॅसिटर). तांब्याचा रोध दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे कॉइल ६० डिग्रीने तापली की जवळपास पाव हिस्सा जास्त रोध, आणि करंट साधारण एक पंचमांश कमी. त्याने चांगली कॉइल मरत नाही, पण आतलं इन्सुलेशन आधीच थकलेलं असेल तर तापल्यावर तिथेच शॉर्ट होतं, गार झालं की परत शहाणी. ही ठिणगीची टेस्ट पॉइंटवाल्या (कॉइलचा करंट यांत्रिक स्विचने तोडणाऱ्या) जुन्या गाड्यांसाठी सांगतोय, इलेक्ट्रॉनिक इग्निशनला व्होल्टेज जास्त असतं, तिथे असले प्रयोग नकोत.

एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो म्हणून व्हेपर लॉक जवळजवळ संपलाच. तिथे हीच लक्षणं बऱ्याचदा बिघडलेला क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा) दाखवतो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा एरवी थोडा हलत असेल आणि आता जागचा हलत नसेल तर आधी त्याच्याकडे बघा.

इथेनॉलचं लोक विचारतात. इथेनॉल स्वतः ७८ डिग्रीला उकळतं, तरी थोड्या प्रमाणात मिसळल्यावर पेट्रोलचा बाष्पदाब (वाफ व्हायची ओढ) कमी न होता वाढतो, कारण इथेनॉलचे रेणू एकमेकांना धरून असतात ती पकड पेट्रोलमध्ये विखुरल्यावर सुटते. म्हणजे जुन्या कार्बोरेटरवाल्यांचा त्रास काही कमी होणार नाही.

आणि गाडीला सीएनजी किट असेल तर एवढं खोलायचीही गरज नाही. पेट्रोलवर बंद पडली की स्विच सीएनजीवर टाका. चालू झाली तर करंट ठीक आहे, भानगड पेट्रोलच्या लाइनमध्ये. नाही झाली तर कॉइल बघा.